क्षयाचा जिवाणू आणि आपल्या पेशींची जनुके: पहिल्या काही तासांत काय घडते

पेशीवेध (धागाकर्ता)

श्वासावाटे आत गेलेला क्षयाचा जिवाणू फुप्फुसातील वायुकोशांत पोचला की त्याची पहिली गाठ पडते ती तिथेच कायम वस्तीला असलेल्या महाभक्षक पेशींशी, म्हणजे मॅक्रोफेजशी. ही पेशी जिवाणूला गिळते, इतके आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु गिळणे हा कामाचा एक भाग झाला. जिवाणूची चाहूल लागलेल्या पेशीच्या केंद्रकात शेकडो जनुकांचे काम वाढते, शेकडोंचे मंदावते, आणि पुढे रोग बळावणार की जिवाणू कोंडला जाणार हे पुष्कळ अंशी या बदलांच्या क्रमावर आणि ते वेळेवर थांबतात की नाही यावर ठरते. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सल्ला सर्वत्र दिला जातो. पेशीच्या पातळीवर पाहिले तर नुसत्या 'वाढवण्या'ला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा धागा काढला आहे.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. यकृताच्या पेशीत आणि महाभक्षक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. फरक असतो तो त्यांपैकी कोणती जनुके वाचली जातात यात. वाचली जाणे म्हणजे डीएनएवरून आरएनएची प्रत निघणे आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होणे. डीएनए हा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तिथे वाचणारी यंत्रणा पोचू शकत नाही. हिस्टोनवर ॲसिटिल गट बसले की ती सैल होते आणि जनुक वाचण्याजोगे होते. महाभक्षक पेशी घडत असतानाच पीयू-१ नावाचे एक प्रथिन डीएनएवरील हजारो ठिकाणी जाऊन बसलेले असते, आणि त्यामुळे संसर्गाच्या वेळी लागणारे पुष्कळसे भाग आधीपासूनच अर्धवट उघडे असतात. म्हणूनच तिचा प्रतिसाद इतका जलद असतो.

जिवाणू आला हे पेशीला कळते कसे? १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की टोल नावाचे जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीच्या संसर्गापुढे टिकत नाही. पुढच्याच वर्षी रुस्लान मेद्झितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांना माणसात त्याचे भावंड सापडले, आणि १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांनी उंदरांच्या अभ्यासातून सिद्ध केले की जिवाणूंच्या बाह्यावरणातील एलपीएस हा घटक ओळखणारा ग्राहक (पेशीवरील ओळख पटवणारे प्रथिन, रिसेप्टर) हाच, म्हणजे टीएलआर-४ आहे. हॉफमन आणि बॉयट्लर यांना २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. क्षयाच्या जिवाणूत एलपीएस नसते. त्याची मेदयुक्त प्रथिने प्रामुख्याने टीएलआर-२ ओळखतो आणि त्याच्या भित्तिकेचे तुकडे पेशीच्या आत असलेला एनओडी-२ ओळखतो.

ग्राहकाला जिवाणूचा घटक चिकटला की संदेश केंद्रकाकडे निघतो. त्याचा मुख्य वाहक म्हणजे एनएफ-कप्पा-बी, ज्याचा शोध १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी लावला. शांत पेशीत हे प्रथिन केंद्रकाबाहेर असते, कारण आय-कप्पा-बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने त्याला अडवून धरलेले असते. संदेश आला की काही मिनिटांत आय-कप्पा-बीचे तुकडे केले जातात, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि जनुकांचे वाचन सुरू करून देते. आता त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहा: ते ज्या जनुकांना सर्वांत आधी कामाला लावते, त्यांत आय-कप्पा-बीचे स्वतःचे जनुकही असते. म्हणजे प्रतिसाद सुरू होतानाच त्याला आवर घालणारे प्रथिन बनू लागते.

जनुकांचे वाचनही एकाच वेळी होत नाही. टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाच्या जनुकासारखी जनुके अर्ध्या तासात कामाला लागतात, कारण त्यांच्याभोवतीची गुंडाळी मुळातच सैल असते. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१२ या अशाच इतर संदेशवाहक प्रथिनांची जनुके काही तासांनी जागी होतात. त्यांच्यासाठी आधी हिस्टोन सरकवावे लागतात, आणि पहिल्या लाटेत तयार झालेली काही प्रथिने हाताशी असावी लागतात. या विलंबामुळे पेशीला धोका खरा आहे की क्षणिक, हे पडताळण्याची उसंत मिळते, असे मला वाटते.

आणि थांबण्याबद्दल. टीएनएफच्या आरएनएच्या शेपटाकडे एक विशिष्ट भाग असतो, ज्यामुळे ती प्रत लवकर नष्ट केली जाते. १९९९ साली संशोधकांनी उंदरांतून एवढा एकच भाग काढून टाकला. त्या उंदरांना कोणताही संसर्ग नव्हता, तरी टीएनएफ साचत गेल्यामुळे त्यांना सांध्यांचा दाह आणि क्रोन्सच्या आजारासारखा आतड्यांचा दाह झाला. प्रतिकार 'वाढलेला' असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नदीकाठ

उत्तम लेख. मी जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय व्यवसाय करतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेले, म्हणजे सेप्सिसचे रुग्ण आम्हाला नेहमी पाहावे लागतात. पहिले दोन-तीन दिवस तीव्र ताप, रक्तदाब खाली, शरीरभर दाह. त्यातून रुग्ण सावरला असे वाटत असतानाच दुसऱ्या आठवड्यात एखादा मामुली जंतू फुप्फुसात शिरतो आणि शरीर त्याला विरोधच करत नाही. हीच पेशी काही दिवसांपूर्वी इतकी आक्रमक होती, मग आता ती गप्प का बसते? तिची जनुके थकतात असे म्हणावे काय?

पेशीवेध

थकवा म्हणता येणार नाही, कारण त्यात निवड आहे. २००७ साली मेद्झितोव्ह यांच्या गटाने महाभक्षक पेशींना एकदा एलपीएस देऊन नंतर पुन्हा दिले आणि प्रत्येक जनुकाचे वर्तन तपासले. दाह वाढवणारी जनुके दुसऱ्या वेळी वाचली गेली नाहीत; त्यांच्या जागी हिस्टोनवरील खुणा पुसलेल्या होत्या. याउलट जिवाणूंना थेट मारणाऱ्या प्रथिनांची जनुके दुसऱ्या वेळीही वाचली गेली, काही तर अधिक वेगाने. म्हणजे एकाच ग्राहकाकडून तोच संदेश आला असतानाही पेशीने शरीराला अपायकारक ठरू शकणारा भाग आवरला आणि उपयोगी भाग चालू ठेवला.

सेप्सिसमध्ये हे आवरणे मर्यादेबाहेर जाते. रक्तातील मोनोसाइट पेशींच्या (ज्यांपासून महाभक्षक पेशी घडू शकतात) पृष्ठभागावरील एचएलए-डीआर हे प्रथिन कमी होते, त्यामुळे जंतूचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराच्या दुसऱ्या फळीतील पांढऱ्या पेशींना, दाखवण्याचे काम मंदावते. १९९० च्या दशकात सेप्सिसच्या रुग्णांत टीएनएफ रोखणारी औषधे वापरून पाहिली गेली आणि त्यांतून अपेक्षित लाभ दिसला नाही. अनेक रुग्ण त्या वेळी दाहाच्या टप्प्यातून पुढे सरकलेले असावेत, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

नदीकाठ

टीएनएफ रोखणाऱ्या औषधांचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब वापरात आल्यावर, त्या रुग्णांत दबून असलेला क्षय पुन्हा उफाळत असल्याचे २००१ साली लक्षात आले. क्षयाचे जिवाणू कोंडून ठेवणारी गाठ टिकून राहण्यासाठी टीएनएफ सतत थोडे थोडे लागते. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात, आणि भारतात तर त्या तपासणीत कसूर होता कामा नये. ज्या जनुकाचे काम अति झाले तर सांधे आणि आतडी सुजतात, त्याचेच काम बंद पाडले तर क्षय सुटतो. धागाकर्त्यांच्या प्रतिपादनाला ही दुसरी बाजू जोडून वाचावी.

ओवी

मी पेशींवर प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे ही माहिती मिळते कशी याबद्दल थोडे लिहिते. आकडे वाचताना त्याचा उपयोग होईल. रक्तदात्याच्या रक्तातून मोनोसाइट वेगळे काढतात आणि वाढीचे घटक घातलेल्या द्रवात, ३७ अंश तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, साधारण आठवडाभर ठेवतात. त्या काळात गोल पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटून पसरतात आणि महाभक्षक पेशींसारख्या होतात. मग मोजून जिवाणू घालायचे आणि ठरलेल्या वेळी पेशी फोडून त्यांतील आरएनए गोठवायचा. क्षयाचे जिवंत जिवाणू असतील तर हे सारे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळेत करावे लागते. वेळ चुकवून चालत नाही: टीएनएफसाठी नमुना सहा तासांनी घेतला तर त्याचा कळस केव्हाच ओसरलेला असतो, आणि मापन पाहणाऱ्याला पेशी निष्क्रिय वाटते.

दोन गोष्टींकडे लक्ष वेधते. पहिली अशी की एकाच तबकडीतल्या पेशी एकसारख्या वागत नाहीत. काहींनी जिवाणू गिळलेला असतो, काही नुसत्या शेजारी असतात आणि शेजारणीने सोडलेल्या इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनामुळे बदलतात. सगळ्यांचा आरएनए एकत्र मोजला की हा भेद हरवतो. एकेका पेशीचा आरएनए वाचण्याचे तंत्र आल्यापासून तो दिसू लागला आहे. दुसरी अधिक महत्त्वाची: तबकडीतली पेशी ही फुप्फुसातली पेशी नव्हे. २०१९ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात जिवाणू गिळलेल्या वायुकोशातील महाभक्षक पेशी थेट फुप्फुसातून काढून तपासल्या, तेव्हा त्यांत पहिल्या दिवशी एनएफ-कप्पा-बीचा दाहक कार्यक्रम जवळपास दिसलाच नाही. त्याऐवजी एनआरएफ-२ या प्रथिनाच्या आधिपत्याखालील, पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी जनुके वर आलेली होती. दाहक प्रतिसाद काही दिवसांनी आला.

पेशीवेध

ओवी, हा मुद्दा फार मोलाचा आहे. वायुकोशातील पेशींना दिवसभर धूळ आणि धूर गिळावा लागतो. प्रत्येक कणासाठी त्यांनी दाह सुरू केला तर आपल्याला श्वास घेणे अवघड होईल. त्यांचा हा संयमच क्षयाच्या जिवाणूच्या पथ्यावर पडतो. त्याला पहिल्या दिवसांत निवांत वाढायला मिळते, आणि बाहेरून मोनोसाइट येऊन पोचेपर्यंत त्याने घर केलेले असते.

सांजवेळ

मी जीवशास्त्र शिकवते. डीएनएच्या मेथिलेशनबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. मेथिल गट लागले की जनुक बंद आणि निघाले की जनुक चालू, असे पाठ्यपुस्तकात असते. संसर्गात हेच घडते काय?

ओवी

हा क्रम प्रत्यक्षात उलटा निघाला, आणि ती हकिकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. २०१५ साली लुइस बरेरो यांच्या गटाने माणसाच्या डेंड्रायटिक पेशींत (जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशींत) क्षयाचे जिवंत जिवाणू घालून १८ तासांनी डीएनए तपासला आणि हजारो ठिकाणचे मेथिल गट निघून गेल्याचे दाखवले. त्यापूर्वी समज असा होता की मेथिल गट जायचे तर पेशीचे विभाजन व्हावे लागते. या पेशी विभाजित होत नाहीत, तरीही मेथिल गट गेले होते, म्हणजे ते मुद्दाम काढले गेले होते. साहजिकच सर्वांना वाटले की मेथिल गट निघाल्यामुळे जनुके जागी झाली असणार. परंतु २०१९ साली त्याच गटाने २, १८, ४८ आणि ७२ तासांचे नमुने शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा बहुतेक ठिकाणी जनुकाचे वाचन आधी सुरू झालेले दिसले आणि मेथिल गट नंतर गेले.

म्हणजे मेथिल गट जाणे हे जनुक जागे होण्याचे कारण नसून बहुधा त्याची मागे उरलेली खूण आहे. खूण मात्र टिकाऊ असते, आणि त्यामुळे पुढच्या खेपेला ते जनुक लवकर वाचले जाण्याची शक्यता राहते. आपल्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही अभ्यास एकापाठोपाठ सांगावेत. एकाच वेळच्या नमुन्यावरून कार्यकारणभाव ठरवता येत नाही, हे त्यांना कायमचे कळेल.

गणिती

आतापर्यंतची चर्चा पेशीच्या बाजूने झाली. जिवाणू हे सर्व मुकाट्याने पाहत असेल असे वाटत नाही.

पेशीवेध

मुळीच नाही. रोगकारक जिवाणूंपैकी अनेकांनी थेट या यंत्रणेवरच हात टाकलेला आहे. लिस्टेरिया हा जिवाणू पेशीच्याच सर्ट-२ या विकराला केंद्रकात पाठवून हिस्टोनवरील ॲसिटिल गट काढायला लावतो, हे २०१३ साली दिसून आले. हगवणीचा शिगेला आपले ओएसपीएफ हे प्रथिन पेशीत सोडतो, ज्यामुळे हिस्टोनवर फॉस्फेट बसण्याची साखळी तुटते आणि न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावणारी जनुके उघडत नाहीत. क्षयाच्या जिवाणूबाबतचे एक काम आपल्याकडचे आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो: हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत संजीव खोसला यांच्या गटाने २०१५ साली दाखवले की आरव्ही-१९८८ हे जिवाणूचे प्रथिन महाभक्षक पेशीच्या केंद्रकात जाते आणि एच-३ हिस्टोनवर अशा एका जागी मेथिल गट बसवते, जिथे तो सहसा आढळत नाही. त्यामुळे जिवाणूविरुद्ध उपयोगी पडणारी काही जनुके दबतात.

याच संदर्भात प्लेगचा उल्लेख करावासा वाटतो, कारण १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात त्याने केलेला संहार आपल्या इतिहासाचा भाग आहे. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या शरीरात, कमी तापमानात असतो तेव्हा त्याच्या एलपीएसला सहा मेदाम्ल-साखळ्या असतात आणि टीएलआर-४ त्याला सहज ओळखतो. माणसाच्या ३७ अंशांत आल्यावर तो चारच साखळ्यांचे एलपीएस बनवतो, जे टीएलआर-४ ला नीट ओळखता येत नाही. २००६ साली संशोधकांनी त्याला ३७ अंशांतही सहा साखळ्या बनवायला भाग पाडले; एवढ्या बदलाने तो उंदरांसाठी जवळपास निरुपद्रवी झाला. ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली, त्याची मारकता केवढ्या प्रमाणात आपल्या पेशींची जनुके जागी न होऊ देण्यावर उभी होती, हे यातून दिसते.

सांजवेळ

बीसीजी या क्षयाच्या लसीबद्दलही कोणी लिहावे. तमिळनाडूत चिंगलपेट येथे १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून तिने संरक्षण दिले नाही, असे वाचले आहे. तरीही ती जन्मतःच का देतात?

नदीकाठ

लहान मुलांतील क्षयाचा मेंदूआवरणदाह आणि शरीरभर पसरणारा क्षय यांपासून ती चांगले संरक्षण देते, म्हणून. एवढे कारण पुरेसे आहे आणि कोणत्याही पालकाने ही लस टाळू नये.

पेशीवेध

त्यापलीकडची एक गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. नेदरलँड्समधील मिहाई नेतेआ यांच्या गटाने २०१२ साली दाखवले की निरोगी प्रौढांना बीसीजी दिल्यावर तीन महिन्यांनीही त्यांच्या मोनोसाइट पेशी क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंना अधिक जोरदार प्रतिसाद देत होत्या, आणि दाहक जनुकांपाशी हिस्टोनवरील, वाचनाला पोषक ठरणाऱ्या मेथिल खुणा वाढलेल्या होत्या. मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगतो. मग तीन महिने लक्षात कोण ठेवते? २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांत त्याचे उत्तर मिळाले: बीसीजी अस्थिमज्जेतील मूळ पेशींतच बदल घडवते आणि त्यांच्यापासून जन्मणाऱ्या पेशी तो बदल घेऊनच येतात. याला प्रशिक्षित प्रतिकार म्हणतात.

गणिती

करोनाच्या काळात याच आधारावर बीसीजी सर्वांना द्यावी असा प्रचार झाला होता. आरोग्यसेवकांवर झालेल्या ब्रेस नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि बीसीजीमुळे कोविडचा धोका कमी झालेला दिसला नाही. हिस्टोनवर खूण दिसणे आणि माणूस आजारी न पडणे यांत मोठे अंतर आहे, हे येथे स्पष्टपणे लिहिले जावे असा माझा आग्रह आहे.

पेशीवेध

आग्रह पूर्णतः मान्य आहे, आणि तो क्षयाच्या निदानालाही तितकाच लागू पडतो. २०१० साली लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या रक्तात ३९३ आरएनए प्रतींचा एक विशिष्ट नमुना (पॅटर्न) सापडला, जो क्षयाच्या रुग्णांत दिसे आणि उपचारांनी मावळे. त्यात इंटरफेरॉनने जागवलेली जनुके ठळक होती आणि ती मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींतून येत होती. पुढे हा नमुना लहान करत नेला गेला. जीबीपी-५, डीयूएसपी-३ आणि केएलएफ-२ या तीनच जनुकांवर आधारलेली, बोटातून काढलेल्या रक्तावर होणारी तपासणीही विकसित झाली आहे.

नदीकाठ

बेडकाच देता न येणाऱ्या लहान मुलांसाठी अशा तपासणीची आम्हाला किती गरज आहे, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे. पण विषाणूच्या तापातही इंटरफेरॉनची जनुके जागी होतातच. पावसाळ्यात डेंग्यू आणि फ्लूच्या गर्दीत हा नमुना कितपत विश्वसनीय राहील?

पेशीवेध

तीच त्याची मुख्य अडचण आहे. म्हणून त्याचा उपयोग क्षय ठरवण्यासाठी करण्यापेक्षा कोणाची पुढची तपासणी आधी करावी हे निवडण्यासाठी व्हावा, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेत अकरा जनुकांचा नमुना वापरून एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. ज्यांच्या रक्तात नमुना होता त्यांना क्षयाचा धोका खरोखरच जास्त निघाला, परंतु त्यांना तीन महिने प्रतिबंधक औषधे देऊनही पुढील काळातील क्षयाचे प्रमाण घटले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे याचा एक अर्थ असा होतो की जनुकांचा तो नमुना दिसू लागेपर्यंत अनेकांत रोग प्रतिबंधाच्या टप्प्याच्या पुढे गेलेला असतो, आणि अशा व्यक्तीला प्रतिबंधक गोळ्या देऊन घरी पाठवण्याऐवजी तिची बेडका आणि एक्स-रे तपासणी करून, रोग आढळल्यास पूर्ण उपचार देणे अधिक योग्य आहे.